फाटकाबाहेरची नावं

सोमवार, बारा जानेवारी. सकाळचे साडेनऊ. वर्ध्याच्या दवाखान्याचा दुसरा मजला, खिडकीकडची खाट. हजर: सुमनवहिनी, तिची मुलगी पल्लवी आणि मी. पल्लवीचे यजमान इंजेक्शन आणायला खाली गेले होते, त्यांना अर्धं हजर धरते. डॉक्टरांनी दादाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि नर्सला वेळ सांगितली. माझा थोरला भाऊ देविदास भोयर, फौजेतून निवृत्त हवालदार, वय सत्तावन्न, मेंदूच्या दुसऱ्या झटक्यातून उठला नाही. वहिनी त्याचा पाय धरून बसली होती. मी पिशवीतून वही काढली आणि लिहायला लागले: दाखला, गाडी, आर्वीला फोन, वहिनीची बीपीची गोळी. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडं बघत राहिली. तिला मी दगडाची वाटले असेन. आमच्या घरी रडण्याआधी यादी होते, हे तिला कसं ठाऊक असणार...

आमचे बाबा आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावचे कोतवाल. कोणाचं जनावर हरवलं, कोणाच्या घरी पाहुणा उतरला, पंगतीला कोण आलं नाही, हे सगळं ते लिहून ठेवत. "जे लिवलं नाई, थे झालं नाई," हे त्यांचं वाक्य. आम्ही दोघांनी ते बरोब्बर उचललं. मी मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल झाले आणि ब्लँकेटांपासून बादल्यांपर्यंत सगळ्याच्या याद्या भिंतीवर लावल्या. दादा फौजेत क्वार्टरमास्टरच्या हाताखाली गेला, म्हणजे सामान, राशन, हजेरी. त्याचं अक्षर छापल्यासारखं. घरी येणारी त्याची पत्रंसुद्धा आकडे घालून यायची: एक, तब्येत ठीक. दोन, आईले सांगजो चष्मा बदलव. तीन, विहिरीचा दोर सडला असन, पाहून घेजो. चार नंबरला कधीमधी, "तुमची आठवण येते." ते शेवटी, आणि एकच ओळ.

बारा वर्षांपूर्वी त्याची पलटण शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात निघाली. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण दादाही ते घेत नसे. तो 'तिकडं' म्हणायचा. तिकडं एकाच सरकारातले दोन पुढारी भांडले होते, फौज मधोमध फाटली होती आणि दोन्ही तुकडे एकमेकांच्या गावांत शिरून माणसं कापत होते. जाण्याआधी गावात दादाचा सत्कार झाला. सरपंचांनी शाल घातली आणि म्हणाले, आपला देविदास परदेशात शांतता करायला चालला. आई तेव्हा होती. घरी आल्यावर तिनं चुलीपुढं बसून विचारलं, "कोनाकोनाची लढाई होय थे?"

"त्याईची त्याईचीच."

"मंग तू कोनाकडून?"

"कोनाकडूनच नाई, माय. मधात उभं राह्याचं."

"मंग कायले जातं रे बाप्पा? मधातल्यालेच दोन्हीकडून लागते."

आम्ही सगळे हसलो. दादा सगळ्यांत जास्त हसला.

अकरा महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. "पेटी पडली," एवढंच त्यानं सांगितलं. बाकी माणूस तोच दिसत होता. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की त्यानं लिहिणं टाकलं आहे. वर्षभरात तो निवृत्त झाला आणि हिंगणघाटला एका जिनिंग मिलमध्ये फाटकावर सुपरवायझर म्हणून लागला. तिथंही मजुरांच्या हजेरीचं रजिस्टर त्यानं मुनीमजींच्या गळ्यात घातलं. पल्लवीच्या लग्नात पाहुण्यांची यादी करायची वेळ आली. मी वही-पेन त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते पायानं नव्हे, पण पायानं सारावं तसं हातानं बाजूला सारलं. "तू लिही. मी कागदाले हात नाई लावत." मी भांडले. पोरीच्या बापानं यादी करायची नाही तर कोणी करायची? फौजी माणसाला निवृत्तीनंतर माज येतो, असं मी वहिनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. त्यानं ते ऐकून घेतलं. त्या लग्नात चार घरं बोलवायची राहिली आणि त्याचा दोष मी पुढं कितीतरी वर्षं त्याच्या माथी मारला.

खरं काय ते कळलं दोन हिवाळ्यांपूर्वी. तेही काही सरळ कळलं नाही, रक्तातून कळलं.

कपाशीचा हंगाम भरात होता. मिलच्या आवारात परप्रांतातल्या मजुरांची कुटुंबं टिनाच्या शेडमध्ये राहत. त्या आठवड्यात लोकांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता, पोरं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे म्हणून. कुठला व्हिडिओ, कुठलं पोर, कोणालाच माहीत नाही. दुपारी तीनच्या सुमारास शे-सव्वाशे माणसं मिलच्या फाटकावर आली. हातात बैलगाडीच्या उभाऱ्या, लोखंडी गज, ट्रॅक्टरच्या साखळ्या. पुढं जो होता तो दादाच्या ओळखीचा, रोज चहाच्या टपरीवर भेटणारा. तो अगदी गोडीनं बोलला.

"काका, आमी काई करत नाई. रजिस्टर दाखवा फक्त. कोन कोठचा होय, नावं पाहतो अन् जातो."

दादा म्हणाला, "नावं पाहून कोनी जात नसते, बाबू."

आत मुनीमजी घामाघूम. "देविदासभाऊ, देऊन टाका नं रजिस्टर! एका कागदासाठी मिल पेटवता काय?" दादा केबिनमध्ये गेला, रजिस्टर उचललं आणि बाहेर द्यायच्या ऐवजी मागच्या दारानं निघून सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून खुपसून आला. मग फाटकाला आतून साखळी घालून पाठ लावून उभा राहिला. फाटकाच्या गजांतून त्याला मारायला सुरुवात झाली. पाठीत, मानेत, डाव्या कानावर. तो हलला नाही. पोलिसांची गाडी यायला वीस मिनिटं लागली. शेडमधल्या एकाही माणसाला ओरखडा आला नाही. पण एक मजूर त्या वेळी बाहेर टपरीवर तंबाखू आणायला गेला होता. त्याला लोकांनी रस्त्यावर आडवा पाडून साखळीनं मारलं. तो जगला, उजवा डोळा गेला. दादाला हे दवाखान्यात कळलं तेव्हा त्यानं उशीवर तोंड फिरवलं आणि म्हणाला, "फाटकाबाहेर..."

मी आर्वीहून पोचले तेव्हा त्याचं डोकं पट्ट्यांत बांधलेलं होतं आणि डाव्या कानातून अजून पाणी येत होतं. मी आल्या आल्या त्याच्यावर तुटून पडले. माझी काळजी नेहमी रागाच्याच रस्त्यानं येते.

"एवढं काय होतं त्या रजिस्टरात? दिलं असतं तर पोलिस येतवरी वेळ तरी मिळाला असता!"

"नले, खाली बस."

"नाई बसत."

"बस व माय. सांगतो. एकडाव सांगतो, पुन्हा इचारजो नोको."

त्यानं सांगितलं ते मी आठवेल तसं लिहिते. काही ठिकाणी तो थांबला, तिथं मीही थांबते.

नदीकाठच्या एका गावाबाहेर त्यांची छावणी होती. काटेरी तारेचं कुंपण, कोपऱ्यांवर वाळूच्या पोत्यांच्या चौक्या. गावात कत्तल सुरू झाली तेव्हा हजारो माणसं त्या कुंपणाकडं धावली आणि फाटक उघडावं लागलं. मदत संस्थांची माणसं विमानानं आधीच निघून गेली होती. म्हणून या लोकांना जेवू घालायचं काम क्वार्टरमास्टरकडं, म्हणजे दादाकडं आलं. पहिले दोन दिवस हाणामारी, म्हातारी माणसं तुडवली गेली. तिसऱ्या दिवशी दादानं यादी केली. सायमन नावाचा तिथल्या प्राथमिक शाळेतला शिक्षक दुभाष्या म्हणून होता, त्याला दादा 'मास्तर' म्हणायचा. मास्तर विचारायचा, दादा लिहायचा: नाव, वय, बापाचं नाव, गाव. गावाच्या नावावरून तिथं माणूस कोणत्या बाजूचा ते कळतं. हे दादाला ठाऊक होतं, पण त्याला त्यात धोका दिसला नाही. रकाना म्हणजे रकाना. यादी झाल्यापासून सगळं सुरळीत झालं. माइकवर नाव पुकारलं की माणूस भांडं घेऊन उभा राहायचा, राशन घ्यायचा, जायचा. लोक हसायला लागले. मास्तरची नऊ वर्षांची मुलगी दादाच्या टेबलाखाली बसून खडूनं चित्रं काढायची.

शांतिसेना त्या देशात त्या सरकारच्या परवानगीनं होती. ती परवानगी हीच तिची ताकद आणि तेच तिच्या गळ्यातलं दावं. ठरल्याप्रमाणं सरकारी फौजेचा एक अधिकारी दर आठवड्याला छावणीत यायचा आणि आत किती निर्वासित आहेत त्याचा आकडा घेऊन जायचा. मेजरसाहेब दादाला म्हणाले, "भोयर, आकडा पाठवून द्या." आकडा. एक ओळ. पण दादा आमच्या बाबांचा मुलगा. नुसता आकडा पाठवणं त्याला अर्धवट काम वाटलं. त्यानं रात्रपाळीच्या कारकुनाला न सांगता स्वतः बसून अख्ख्या यादीची स्वच्छ प्रत केली, लाल पेनानं समास आखला, गावं एकाखाली एक लावली आणि आकड्याच्या चिठ्ठीला टाचणीनं जोडून दिली. तो अधिकारी खूश झाला. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, फार नीटस काम.

हे वाक्य मला माहीत होतं... दादानं ते मला पत्रातून कळवलं होतं. पाच नंबरला: "इकडच्या अधिकाऱ्यानं माझ्या यादीची तारीफ केली." मी ते पत्र वसतिगृहात मुलींना वाचून दाखवलं होतं. टापटीप म्हणजे काय ते शिका म्हणून.

आठ दिवसांनी, भरदुपारी, राशनच्याच वेळेला, सरकारी वर्दीतली तीस-चाळीस माणसं दोन ट्रकमधून आली आणि फाटकापासून दोनशे पावलांवर रस्त्यात उभी राहिली. त्यांच्याकडं भोंगा होता. त्यावरून नावं पुकारली जायला लागली. आधी नाव, मग बापाचं नाव, मग गाव. दादाच्या रकान्यांच्या क्रमानं.

लोक भांडी घेऊन उठले.

त्या वेळी बायकांना पाणी आणायला जाता यावं म्हणून लहान फाटक उघडं असायचं. आत येणाऱ्याची झडती होती. बाहेर जाणाऱ्याला अडवायचा हुकूम कोणालाच नव्हता. अकरा जण बाहेर गेले. नऊ पुरुष, एक म्हातारी आणि एक सतरा-अठरा वर्षांची पोरगी. दादा तेव्हा गोदामात पीठ मोजत होता. त्यानं भोंगा ऐकला, क्रम ऐकला, आणि त्याच्या हातातलं माप खाली पडलं. तो धावत आला तोवर अकरा जणांना रस्त्यावर ओळीत बसवलं होतं. मास्तर त्याच्या पुढं धावत होता. मास्तरचं नाव यादीत नव्हतं, तो छावणीचा नोकर. तो हात वर करून ओरडत बाहेर गेला. काय ओरडत होता ते दादाला पुढं कोणीतरी सांगितलं: "ही राशनची यादी आहे! ही राशनची यादी आहे!" त्याच्या तोंडावर पहिली गोळी मारली. मग ओळीत एका टोकाकडून सुरुवात केली. गोळ्या वाचवायच्या होत्या म्हणून की काय, चौथ्या-पाचव्यानंतर कोयते काढले. म्हातारीनं भांडं डोक्यावर धरलं होतं. कोयत्यानं आधी भांडं वाजलं.

दादा लहान फाटकाच्या चौकटीला धरून बाहेर निघू पाहत होता. बाहेरून एकानं बंदुकीचा दस्ता त्याच्या हातावर घातला, बोटं चौकटीवरच मोडली. आपल्याच एका शिपायानं त्याला कमरेला धरून आत ओढलं. कोपऱ्यावरच्या चौकीत मशीनगनवर नायक हुद्द्याचा आपला एक जवान होता. सगळं त्याच्या निशाण्यावर होतं, लहान मुलाला दिसावं इतकं स्वच्छ. तो रडत ओरडत होता, "साब, ऑर्डर! साब, ऑर्डर!" मेजरसाहेब रेडिओला चिकटलेले. वरून उत्तर आलं तेव्हा ट्रक वळूनही गेले होते. उत्तर असं होतं की ती यजमान देशाची फौज आहे, घटना कुंपणाबाहेरची आहे, गोळीबार करू नये, संयम राखावा.

"मंग तीन दिवसांनी त्याईनं छावणीवरच गोळे टाकले," दादा म्हणाला. "आपला एक पोरगा मेला, खंदकात, मांडीवरच्या पत्रासकट. तवा आमी असं हानलं का नदीपार पळाले. तवा ऑर्डर होती. कारन गोळे आत आले होते नं." मग त्यानं ओघळणारा कान चादरीनं पुसला. "आतले जगले, नले. हजारो जगले. आमी नसतो तं थे बी मेले असते, हे खोटं नाई. पन परक्याच्या घरचं भांडन सोडवाले गेलं का मानूस दारातच राह्यते. आत जाता येत नाई, परत फिरता येत नाई. दारात उभ्या राह्यलेल्यानं निदान आपले हात तं बांधून ठेवाव. म्या तं त्याईले मानसायची नावं लिवून देल्ली."

त्याच दुपारी त्यानं मूळ यादी लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, भट्टीत जाळली. त्यानंतर राशन बिनयादीचं वाटलं. ज्यांनी दोनदा घेतलं त्यांनी घेतलं. मोडलेली बोटं बांधून घेऊन तो मेजरसाहेबांपुढं उभा राहिला आणि चूक सांगितली. त्यांनी कागद पाहिले. "फाइलवर आकडा दिल्याची नोंद आहे, हवालदार. यादी दिल्याची नाही. तशीच राहू द्या." म्हणजे लिहिलं नाही, झालं नाही. बाबांचं वाक्य असंही वापरता येतं हे मला त्या दिवशी दवाखान्यात कळलं. मी त्याच्या वाकड्या बोटांना हात लावायला गेले, त्यानं हात काढून घेतला.

त्यानंतर मी त्याला काही विचारलं नाही. तो मिलमध्ये परत लागला, ऐकायला कमी येत होतं म्हणून लोक त्याच्याशी ओरडून बोलत. वहिनीला त्यानं सांगितलं होतं की नाही ते मी विचारलं नाही. बरेचदा मी त्याच्याकडं जायचे, तो फाटकावरच्या खुर्चीत बसलेला असायचा, बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "कोठी चालला? कवा येतं?" मजूर कंटाळायचे. एकजण मला म्हणाला, "बाई, तुमचे भाऊ आत येनाऱ्याले काई इचारत नाई, जानाऱ्याचाच जीव खातेत."

गेल्या नोव्हेंबरात पल्लवीचा फोन आला. तिनं कधीतरी दादाचा शांतिसेनेच्या निळ्या टोपीतला जुना फोटो आपल्या मोबाइलवरून सगळ्यांना दिसेल असा टाकला होता. त्यात दादाच्या शेजारी मास्तर उभा होता. बारा वर्षांनी त्या फोटोखाली एका अनोळखी मुलीनं लिहिलं, हे माझे वडील. ती टेबलाखाली बसणारी मुलगी, रेबेका. आता शेजारच्या देशातल्या निर्वासितांच्या वस्तीत राहते, लहान मुलांना शिकवते. तिचा निरोप इंग्रजीत होता, पल्लवीनं मला फोनवर मराठीत सांगितला. 'त्या दिवशी फाटकाबाहेर मेलेल्यांसाठी आम्ही चर्चच्या अंगणात दगड उभा करतो आहोत. सरकार म्हणतं असं काही घडलंच नाही. वडिलांचं नाव आमच्याकडं आहे. बाकी अकरा जणांची नावं कोणाकडंच नाहीत, त्यांच्या घरचं कोणी उरलं नाही. आई सांगायची, यादी करणारा हवालदार फार भला माणूस होता. त्याच्याकडं ती यादी असेल का?'

पल्लवीनं ते दादाला त्याच्या उजव्या कानाशी वाचून दाखवलं. तो म्हणे उठला आणि अंगणात जाऊन नळ सोडून नुसताच हात धूत राहिला. दोन महिने त्यानं उत्तर दिलं नाही. रेबेका दर पंधरा दिवसांनी विचारायची, नम्रपणे. दगड कोरणारा थांबला आहे, असंही तिनं एकदा लिहिलं. शनिवारी, दहा जानेवारीला, दादानं मला हिंगणघाटला बोलावून घेतलं. "वही घेऊन ये," म्हणाला. मी दुपारच्या एसटीनं गेले.

वहिनीनं चहा ठेवला होता. मी सवयीनं पान आखायला घेतलं: क्रमांक, नाव, वय, गाव. त्यानं माझ्या हातातली पट्टी धरली.

"तिनं काय मांगतलं?"

"नावं."

"मंग नावंच. जेवढं मांगतलं तेवढंच. गाव लिवजो नोको. थे मारनारे अजून तेथच हायेत, खुर्चीवर."

मी पान फाडलं, दुसरं घेतलं. तो म्हणाला, "आधी हे लिही. पहिल्या पानावर." आणि त्यानं सांगितलं, मी लिहिलं: 'बाई रेबेका, ती यादी मी केली. मागितला होता आकडा, मी नावं दिली. माझ्याच अक्षरातल्या कागदावरून त्यांना बोलावलं. तुझे वडील ते थांबवायला गेले. तुझ्या आईला हे माहीत नव्हतं. मी भला माणूस नाही.'

माझं पेन थांबलं. "हे शेवटचं वाक्य काढू?"

"नाई."

"दादा, त्या पोरीजवळ तेवढंच एक चांगलं उरलं आहे. तुझ्याबद्दलचं. काऊन मोडतं?"

"थे चांगलं खोटं हाय, नले. खरं हाय थे तिचं, माझं नाई. म्हून देऊन टाकाचं."

मग दुसरं पान. डोळे मिटून तो नावं सांगायला लागला. मी कधी न ऐकलेली नावं, तो एकेक अक्षर फोडून सांगायचा आणि सोबत माणूस सांगायचा: हा लंगडा, याच्याकडं बकरी होती, या पोरीले मीठ जास्त लागे. ते मी लिहिलं नाही, मागितलं नव्हतं. नऊ नावं झाली. दहाव्याला अडला. "दोघं भाऊ होते. तारेजवळच्या ताडपत्रीत राहत. थोरला खोकलत असे... जिभेवर हाय व." वहिनी म्हणाली, जेवून घ्या, आठवन. जेवण झालं. आठवलं नाही. तो घरभर फिरला, ओसरीत गेला, भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. "सकाळी आठवन. तू राह्य." मी राहिले. सकाळी तो उठला, मला हाक मारली, "नले, लिही," आणि तोंड एका बाजूला गेलं. तोंडातून आवाज येत होता, शब्द होत नव्हता. तो तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, हे मला कळत होतं. मी पेन घेऊन त्याच्या तोंडाशी कान लावला. काहीच उमगलं नाही. त्यानंतर वर्धा, रात्री दुसरा झटका, त्यानंतर सोमवार.

आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी सुरू केलेल्या यादीत कामं वाढत वाढत तेवीस झाली. दाखला काढला. पेन्शन वहिनीच्या नावावर झाली. मिलमधली त्याची शिट्टी आणि डबा घरी आणला. तेरवीच्या पंगतीला शेडमधले मजूर आले, डोळा गेलेला तो माणूसही आला आणि शेवटपर्यंत वाढायला उभा राहिला. बावीस कामांसमोर खुणा झाल्या आहेत.

तेविसावं राहिलं. पल्लवी दर रविवारी विचारते, "आत्या, पाठवलं?" मी तिला सांगते, दोन नावं अपुरी आहेत, अपुरी यादी कशी पाठवू, दादाच्या पलटणीतल्या कोणाला आठवतात का ते विचारते आहे. मी खरोखर चौघांना फोन केले. कोणाला आठवत नाहीत. पण ते कारण नव्हे. दुसऱ्या पानावर नऊ नावं आहेत आणि दोन ओळी कोऱ्या आहेत, ते पान मी त्याच आठवड्यात पाठवू शकले असते. मला अडवतं ते पहिलं पान. दोनदा मी दुसऱ्या पानाचाच फोटो काढला, पाठवायचं बटण दाबायच्या आधी पुसून टाकला. इथं, आपल्या जिल्ह्याच्या पेपरच्या या पुरवणीत, हे सगळं लिहिणं सोपं गेलं. इथले लोक देविदास भोयरला ओळखतात, त्यांनी त्याला फाटकाला पाठ लावून उभा राहिलेला पाहिलं आहे. ती मुलगी त्याला तिच्या आईच्या एका वाक्यापलीकडं ओळखत नाही, आणि ते वाक्य माझ्या हातानं मोडायचं आहे.

दगड कोरणारा अजून थांबला आहे. दोन्ही पानं, पहिलं आधी, पाठवायची आहेत.